पूलच्या पॅनलवर नारळ वाढवला त्याबद्दल

गिरीज, बुधवार, २७ ऑक्टोबर २००४

तीर्थरूप जयवंतमामा,

अनुजचा साष्टांग नमस्कार. मामींनाही, आणि मामींच्या गुडघ्याला वेगळा, कारण तुमच्या नायगावच्या टॉवरची लिफ्ट बंद असल्याचं आईकडून कळलं. इकडे केळी बरी आहेत, आई बरी आहे, बाबा तुमची आठवण रोज काढतात. (कशी काढतात ते पुढे येईल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन हॉलमध्ये आहे आणि बाबाही हॉलमध्येच असतात.)

बाबांनी अर्ध्या वाडीत पिकनिकवाल्यांसाठी स्विमिंग पूल बांधला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं कंट्रोल पॅनल म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी. पंप आपोआप चालू-बंद करते, क्लोरीन सोडते, पाण्याखालचे दिवे लावते. तिच्यात एक छोटा ईएलसीबी आहे. करंट पाण्यात किंवा कुणाच्या अंगात गळायला लागला की हा क्षणात सगळं तोडतो. (जन्मभर वायरमनकी केलेल्या माणसाला मी हे शिकवतोय, माफ करा.) पेटीतलं बाकी सगळं बाबांना आवडतं, हा सोडून. कारण तो त्यांना न विचारता निर्णय घेतो, आणि आमच्या घरात ती पद्धत नाही.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. स्कूटर, फवारणीचा पंप, आईचा मिक्सर, शेवटी पॅनल. बाबांनी दार उघडून आत ओला झेंडूचा हार घातला, प्रत्येक स्विचला हळदकुंकू लावलं आणि पेटीच्या डोक्यावर नारळ वाढवला. नारळ उत्तम निघाला, भरपूर पाण्याचा. ते सगळं पाणी आत गेलं. ईएलसीबी पडला. वर केला, पुन्हा पडला. पाचव्यांदा पडल्यावर बाबा म्हणाले, "बिघडलाय हा. देवाच्या नारळाने कधी काही होतं काय?" आणि वायरचा तुकडा घेऊन त्याला बाजूने वळसा घालून जोडणी केली. दिवे लागले. आता पडायला कुणी उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी हेमालीने पायरीवरून पाण्यात हात घातला आणि झटकन ओढून घेतला. म्हणाली, "दादा, मुंग्या आल्या!" बाबा लांबूनच ओरडले, "क्लोरीन जास्त झालंय." तेव्हापासून ते क्लोरीन कमी करतायत. पाणी हिरवं व्हायला लागलंय, मुंग्या काही कमी झाल्या नाहीत.

आणि येत्या रविवारी फ्रेडरिक सर चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली चाळीस पोरं पोहायला आणतायत. मी सरांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाले, "छान आहे, लिही." (गणपतीत मी बसवलेलं नाटक त्यांनी पाहिलंय. तेव्हापासून माझ्या बोलण्याचा ते सरळ अर्थ घेत नाहीत.)

असो. दिवाळीला सगळे नक्की या.

तुमचा
अनुज

ता. क. दिवाळीला नको. शुक्रवारीच या. मी बाबांशी तीनदा भांडलो. प्रत्येक वेळी एकच उत्तर: "हेमालीच्या बारशाला फ्यूज सारखा उडत होता, तेव्हा तुझ्या मामाने विहिरीच्या मोटरला फ्यूजच्या जागी तार घातली. एकोणीस वर्षं झाली, कोण मेलं? तो वायरमन. तू कोण? बी. ए.!" मामा, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, फक्त आजच्या दिवसापुरती. आई अजून सांगते. बाबांना तेवढंच आठवत नाही.

ता. क. २. आलोशियस भाजी घेऊन नायगावला येतो, त्याच्या हाती हे पाकीट देतोय. जड लागेल. आत पूलचा मेन फ्यूज आहे. मी काल काढला. बाबांना वाटतंय, फेज गेलाय. पण शनिवारी सकाळी त्यांनी दुरुस्तीला सॅन्टनला बोलावलंय, आणि सॅन्टन रिकामी जागा दिसली की तार घालतो.

ता. क. ३. फ्यूजबरोबर कागदात गुंडाळलेली एक वाकडी, काळी पडलेली तांब्याची तार निघेल. ती तुमची. तिच्याशिवाय विहिरीची मोटर चालत नाही, म्हणून आई कालपासून कळशीने पाणी ओढतेय आणि बाबांना काही सांगत नाही. तुम्हाला बोलायला जड गेलं तर बोलू नका. ती फक्त बाबांच्या हातावर ठेवा.