बापूंनी लावलेला कौल

माणगाव
८ एप्रिल २०२५

ती. बापूंस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी घरी आले होते तेव्हाच हे बोलायचं होतं, पण धीर झाला नाही. तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की आळीभर कळतं. मागे मला वरिष्ठ श्रेणी मिळाली तेव्हाचं आठवतं ना? तुमचं तिसरं ‘काय?’ होईपर्यंत कुंपणापलीकडून सकिनाभाभी पेढे मागत होत्या. कानाचं यंत्र दोन वर्षं कपाटात पडून आहे, ते तुम्ही घातलंत तर... पण तो विषय आज नको.

विषय असा. भाभींचा फैझान ओमानमध्ये सलालाला असतो. तिथल्या एका शाळेत इंग्रजीची जागा निघाली, त्यानं माझं नाव सुचवलं, आणि मी गंमत म्हणून मुलाखत दिली. (गंमत म्हणून दिली नाही. खोटं कशाला लिहू.) त्यांनी दोन वर्षांसाठी बोलावलं आहे. तीस तारखेपर्यंत कळवायचं आहे.

मला जावंसं वाटतं. हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा खरं असावं. पण मला तिथे शिकवायचं आहे, की इथून नुसतं निघायचं आहे? वीस वर्षं त्याच बाकांसमोर उभी आहे. आणि तुम्ही एकटे राहिलात तर मी कसली मुलगी? उलट तुमचं कारण सांगून राहिले, तर तो माझा भित्रेपणाच नव्हे का? तुम्ही सांगाल तसं करीन.

पोटात राग असला तरी पानावर लोभ असावा.

आपली,
निवेदिता

श्रीवर्धन
१२ एप्रिल २०२५

चि. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खाडाखोडीसकट वाचलं. खोडलेलं जास्त चांगलं होतं.

सलालाला नारळाच्या बागा आहेत, असं सकिना सांगते. म्हणजे श्रीवर्धन सोडून, समुद्र ओलांडून, तू नारळच बघायला जाणार. मी तिला हे म्हटलं तर ती म्हणाली, ‘बापू, तिथले नारळ तुम्हाला पाडायला लागणार नाहीत, मग तुमचं काय जातं?’ एवढंच ऐकू आलं. पुढे ती बरंच बोलली, हात हलत होते.

तू लिहितेस, सांगाल तसं करीन. मी चाळीस वर्षं पोस्टात काढली. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट कधी उघडलं नाही. हे पाकीट तुझ्या नावाचं आहे. तूच फोड.

सुपारी यंदा बरी आहे. खोकला कमी. जेवणाचे हाल नाहीत. आमटी मला येते, तुला वाटतं तेवढी वाईट होत नाही.

खुशाली कळवत जा, कमी खोडत जा.

बापू

माणगाव
१५ एप्रिल २०२५

ती. बापूंस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट फोडायचं म्हणून दोन रात्री वहीत दोन रकाने पाडून लिहिते आहे. जाण्याच्या बाजूला अकरा कारणं झाली, राहण्याच्या बाजूला अकरा. बारावं सुचलं की दुसऱ्या बाजूलाही सुचतं. खरं सांगू? राहण्याच्या बाजूची सगळी पुसली तरी एक उरतं. सलालाहून पत्र यायला किती दिवस लागतील, तुम्हालाच ठाऊक. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मग तुमचं बरंवाईट मला कळणार कसं?

लाज वाटते, पण मागते. ग्रामदैवताला कौल लावाल का? वर्गात मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवते, म्हणून हे पत्र कुणाला दाखवू नका.

अशा मुलीवरही माया राहू द्या.

आपली,
निवेदिता

श्रीवर्धन
२३ एप्रिल २०२५

चि. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी देवळात गेलो. दयाराम गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आता विचारणार काय? तुझं पाकीट मी उघडणार नाही हे लिहून चुकलो होतो. म्हणून माझ्यापुरतं विचारलं: मला दोन वर्षं एकट्याला जमेल का? प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी कळी खाली.

आता मोकळेपणानं लिहितो. डोक्यावर पंखा चालू होता. तुझ्यासारख्या मुलीचा बाप, मनात आलंच. दयारामला म्हटलं, पंखा बंद कर, पुन्हा लाव. त्यानं कुरकुरत लावल्या. तास झाला, सव्वा तास झाला. एकही कळी हलेना. दयाराम भुकेला. शेवटी तो काहीतरी बोलला. मी ‘काय?’ म्हटलं. पुन्हा बोलला, पुन्हा ‘काय?’ तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, ‘बापू, देव एकदा सांगतो. ज्याला ऐकायचंच न्हाय त्याला तो तरी किती वेळा सांगेल?’

देवळात सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. मीही.

घरी आलो आणि कपाट उघडलं. यंत्र घातलं त्याला आज तिसरा दिवस. कावळे फार ओरडतात, हे मी विसरलो होतो. माझी आमटी भुरकण्याचा आवाजही बरा नाही. आणि पोस्टात चौकशी केली. सलालाच्या पत्राचा काही भरवसा नाही म्हणतात. तेव्हा फोनच बरा. आता उचलीन.

पाकीट अजून तुझंच आहे. आठ दिवस उरलेत.

बापू

माणगाव
२८ एप्रिल २०२५

ती. बापूंस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी होकार कळवला. त्यात एकही शब्द खोडलेला नाही. ऑगस्टमध्ये निघायचं आहे.

लगेच तुम्हाला फोन केला. सवयीनं मी ओरडले, तर तुम्ही म्हणालात, हळू बोल, कान फुटतील. मग मी जाते आहे हे सांगितलं. तुम्ही काहीतरी बोललात, पण इतकं हळू, की मलाच ‘काय?’ म्हणावं लागलं. पुन्हा विचारलं, तर म्हणालात, मीही एकदाच सांगतो.

सकिनाभाभींना विचारलं. त्यांनाही कुंपणापलीकडून काही ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढं एक वाक्य पत्रानं कळवावं. खाडाखोड असली तरी चालेल.

आपली,
निवेदिता