साबणदाणीतला फाटका आवाज

खामगाव,
ता. १९ एप्रिल १९७५

तीर्थस्वरूप नारायणमामांना आणि मामींना शालिग्रामचा वाकून नमस्कार. इकडे ऊन सोडलं तर सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आईनं कळवलेला तेलाचा उपाय मात्र करू नका. तो तिनं आधी बाबांच्या गुडघ्यावर केला होता आणि बाबा अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

तुम्ही विचारलंत, गिटारचा आवाज फाडणारी डबी झाली का? झाली. थोडक्यात सांगतो. (मी थोडक्यात लिहायला बसलो की दोन तिकिटं जास्त लागतात, असं आई म्हणते.) त्याआधी माझी अडचण समजून घ्या. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक पंजाबराव मुंबईचा कुठलासा कार्यक्रम ऐकून आले आणि त्यांना गिटारचा तसाच करवतीसारखा आवाज पाहिजे झाला. पिंपळगाव राजाला उकंडरावांच्या मुलीच्या लग्नात तो निघाला नाही तर गिटार ठेवून खुळखुळा हातात घे, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं. घरी बाबांचं त्याहून वरचं. हा एक कार्यक्रम कर, त्यात काही दम दिसला नाही तर गिटार नारायणरावांना परत आणि तू दुसऱ्या दिवसापासून जिनिंगच्या हापिसात. आता हापिसात बसायला माझी ना नाही, पण मामा, गिटार गेली तर मी जेवणार नाही, हे खरंच सांगतो.

तर तुम्ही पाठवलेला जोडणीचा नकाशा समोर ठेवून मी सायराबी बोहारणीकडून घेतलेल्या प्लास्टिकच्या साबणदाणीत डबी जोडली. पहिल्या दिवशी ती मुकी होती. एका ट्रान्झिस्टरचे पाय मी उलटे लावले होते. ते सुलटे केल्यावर तिच्यातून नागपूर केंद्राचे कापसाचे भाव ऐकू यायला लागले. गिटार बंद, भाव चालू. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या खोलीत आपणहून आले, लांब धाग्याचा भाव ऐकला आणि वाद्य चांगलं आहे म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी मात्र काय झालं कोण जाणे, वायरीच्या एका टाक्याला हात लागला आणि आवाज असा फाटला की शेजारच्या गीताबाई पापड टाकून पळाल्या. मी आनंदानं अंगणात नाचलो. फक्त तो टाका ढिला होता, हलला की आवाज जायचा. तेवढा एक टाका पक्का करून घ्यावा म्हणून मी डबी रहेमतुल्लाचाचांकडे नेली. माझं चुकलं ते इथं.

चाचा म्हणजे बाबांचे दोस्त, गावातले जुने रेडिओ-मेकॅनिक. त्यांचा हात असा की मेलेला रेडिओ त्यांच्याकडे नुसता ठेवला तरी खाकरतो. संध्याकाळी डबी आणायला गेलो तर चाचांचा चेहरा फुललेला. टाका पक्का केला होताच, शिवाय आतून डालड्याच्या डब्याचा पत्रा लावला होता, तीन भाग बदलले होते आणि आवाज सनईसारखा स्वच्छ केला होता. पैसे घेत नव्हते. मी म्हटलं, चाचा, हा फाटकाच पाहिजे. त्यांना वाटलं मी त्यांच्या मेहनतीची भीड धरतो आहे. दुसऱ्या दिवशी मी घरी पुन्हा बिघडवून नेली, फक्त दाखवायला, की हे बघा, हे असं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, "अरे रे, काऊन फाटला बे?" म्हणाले आणि मी चहा पीत होतो तेवढ्यात दुरुस्त करून दिली. तिसऱ्या खेपेला मी हात जोडले. तेव्हा ते गंभीर झाले. "बेटा, तीस साल झाले. फाटका आवाज माह्या दुकानातून बाहेर गेला नाई. मी गेल्यावर कर काय करायचं ते." तिथून पुढचे चार दिवस डबी चाचांच्याच दुकानात राहिली, कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तिचा स्वच्छ आवाज ऐकवत होते. कौतुकाच्या भरात बटण बंद करायचं त्यांना कधी सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी डबी मिळाली तेव्हा आम्ही टेम्पोत बसलो होतो. कार्यक्रम चार वाजता, भर उजेडात ठेवला होता, कारण संध्याकाळी तिकडे विजेचा दाब इतका उतरतो की गायक कुजबुजल्यासारखा वाटतो. मांडवात पुढे बाबा, त्यांच्या शेजारी चाचा. पंजाबरावांनी खुळखुळा माझ्या खुर्चीजवळ आधीच आणून ठेवला होता. मी देवाचं नाव घेऊन डबीचं बटण दाबलं, तार छेडली, आणि मामा, मांडव फाटला. चार दिवस चालून बॅटरी पार उतरली होती, आणि उतरलेल्या बॅटरीवर ती डबी अशी खरखरली, अशी गुरगुरली, की नवरदेवाची घोडी खुंट्यासकट निघाली. पोरं बाकांवर चढली. पंजाबराव मला मिठी मारायला आले.

आणि चाचा उठले. खिशातून नवी बॅटरी काढली, दुसऱ्या खिशातून पेचकस, आणि "थांब बे शालिग्राम, घाबरू नोको, मी आलो" म्हणत मंचावर चढले. मी गिटार वाजवत मागे सरकलो. ते डबीमागे आले. मी डबी पायानं ढकलत ढोलकीवाल्याभोवती फिरलो, ते माझ्यामागे फिरले. लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. दोन फेऱ्या झाल्यावर वन्समोअर आला. तिसऱ्या फेरीत चाचांचा पाय वायरीत अडकला, गिटारची एक तार तुटली, आणि मी उरलेल्या पाचांवर गाणं संपवलं. टाळ्या थांबेनात. चाचांना वाटलं त्या त्यांच्यासाठी आहेत. त्यांनी वाकून सलाम केला आणि मग शांतपणे बॅटरी बदलली. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

तर डबी झाली. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. – पत्राचं खरं कारण आता लिहितो. बाबांना आमची धावाधाव फार लागली. काल त्यांनी गिटार चादरीत बांधली. येत्या गुरुवारी ते स्वतः ती घेऊन मुंबईला येत आहेत. मामा, तुमच्या पाया पडतो, घेऊ नका. घरात जागा नाही म्हणा, मामींना लाकडाचा वास सोसत नाही म्हणा, काहीही म्हणा, पण घेऊ नका.

ता. क. दुसरा – पाकीट पेटीत टाकायला बाबांकडेच देतो आहे. डिंक भरपूर लावला आहे.

(पेन्सिलीनं, वेगळ्या अक्षरात)

नारायणराव, डिंक पातळ होता. मी गिटार परत द्याले येत नाई. तिची तुटलेली तार इकडं भेटत नाई, आन् कोनती लागते ते मले समजत नाई, म्हनून पुरी गिटारच घेऊन येतो. तुम्ही संगं चला, दुकान दाखवा. दोन जास्तीच्या घेऊ. टाळ्या मीबी वाजवल्या, पन मांडीवर. पोराले सांगू नका.
– वामनराव