हातमोजा दत्तूचा, बोटं माझी

११ जानेवारी

आणि परत वर मलाच म्हणतो, "तुला एवढी काय घाई झालीय संत्या?" हातमोजा त्यानं घालायचा, थंडीत ठणकायचं माझ्या हातानं, आणि घाई म्हणं मला. चुलतभाऊ हाय, वयानं मोठा हाय, म्हणून आजवर गप बसलो. दत्तूदादा तिकडं बारामतीत कंपनीच्या गेटावर खुर्ची टाकून बसतो. पक्का कामगार. का, तर कंपनीत उजव्या हाताची दोन बोटं गेली म्हणून हलकं काम दिलं. गेली, पण कुणाची? त्याची धाच्या धा जागेवर हायत.

फोनवर बोललं की भांडण व्हतं. म्हणून लिहितो.

१२ जाने.

टँकर उशिरा. सोलरच्या काचा उन्हात तापल्यावर धुवायच्या न्हाईत, म्हणून अर्ध्याच झाल्या. मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट नसलं की ब्रशाचा दांडा हातात फिरतो. मी दांड्याला सुतळी गुंडाळलीय, तरी फिरतो.

कच्छात माणूस कमी, वारा जास्त. हितं आल्यापासून एका जागी बसवत न्हाय, आणि जायला जागा बी न्हाय.

काचा धुवायचा नवा ट्रॅक्टर आलाय. मला तो पायजे. माळेगावच्या कारखान्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढल्यात मी, हे तर खेळणं हाय. पण डिसेंबरात हितल्या कंपनीचा डॉक्टर तपासायला आला, त्यानं हात उलटापालटा करून बघितला. "जन्म से है?" म्हणलं न्हाय साहेब, प्रेसमशीनमध्ये गेली. तर म्हणला कागद आण. अपघाताचा सरकारी कागद, त्यात हात कामाला चालतो असा शेरा असंल तर ट्रॅक्टर, पक्की नोकरी. न्हायतर तो जन्मापासून असं लिहिणार आणि मी ब्रशावर हेल्पर. फेब्रुवारीअखेर सांगायचं.

कागद हाय. बारामतीच्या भरपाई ऑफिसात हाय. तवाच पोस्टानं अर्ज टाकलाय.

१४ जाने.

संक्रांत. हितं आभाळभर पतंग. मांजा काचांवर येऊन पडतो, तो गोळा करायचं काम सकाळभर. आईचा फोन, "तिळगूळ खाल्लास का?" खाल्ला म्हणलं. चिक्की खाल्ली व्हती, तिळाचीच.

दत्तू महिन्याचे पैसे देऊन गेला म्हणली. भरपाई त्याच्या नावावर, त्याच्या खात्यात येती. त्यो ती काढून गावी वरकुट्याला आईच्या हातात नेऊन देतो. एक महिना बी चुकला न्हाय. हे लिहून ठेवतो, न्हायतर रागात इसरायचं.

१९ जाने.

आज रूमवरल्या पोरानं इचारलं, तुझी बोटं गेली तर कागद भावाच्या नावावर कसा? त्याला कसं सांगायचं. त्याच्या गावाला पावसावर शेती. पाण्याची पाळी त्याला म्हाईत न्हाय.

आमच्याकडं कॅनॉलला पाणी सुटलं की पाळी लागती. आपली पाळी आली की माणूस शेतात पायजे, दिवस असो रात असो. चुकली की पुढच्या आवर्तनापतुर ऊस जळतो. कंपनीत कच्ची पोरं सगळी आमच्याच बाजूची. ज्याची पाळी आली त्याच्या कार्डावर दुसरा जायचा. गेटावर कार्ड वाजवायचं, आत जायचं. सुपरवायझरला म्हाईत असायचं, तोच इचारायचा, "आज कुणाची पाळी?"

त्या दिवशी दत्तूची व्हती. तात्यांची, म्हंजे त्याच्या बापाची, कंबर धरली व्हती, बारं धरायला, उसाला पाणी पाजायला, दुसरं कोण न्हाय. मला सुट्टी व्हती. मी गेलो त्याच्या कार्डावर. दुपारच्या च्याच्या आधी प्रेस खाली आला.

दवाखान्यात दत्तात्रय. अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं दत्तात्रय. सुपरवायझर कानात म्हणला, "आता नाव बदलू नगंस, सगळेच अडकू." मला तवा नावाचं काय पडलं न्हवतं. दुखत व्हतं.

२७ जाने.

अर्जाचं उत्तर वरकुट्याला आलं. वैनीनं, दत्तूच्या बायकोनं, फोटो काढून पाठवला. "आपल्या नावे या कार्यालयात कोणताही अभिलेख आढळून येत नाही."

तीनदा वाचलं. बरोबरच लिहिलंय.

दिवसभर हात खिशात घालून फिरलो. थंडी न्हवती.

३१ जाने.

ऑफिसला फोन केला. बाई व्हत्या, आवाजानं बऱ्या. दत्तूचं नाव, कंपनी, सगळं सांगितलं. फाईल हाय म्हणल्या.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"भाऊ. चुलत."

"मग नाही देता येत. दुसऱ्याची खाजगी माहिती असते ती. त्यांना स्वतःला येऊ द्या, सही करू द्या, फाईल बघू द्या. हक्क आहे त्यांचा."

"बाई, त्या फाईलीत हात माझा—" एवढं तोंडात आलं व्हतं. गिळलं. म्हणलं बरं, पाठवतो.

त्यांचं बी काय चुकलं न्हाय. कुणाचंच काय चुकत न्हाय आणि मी ब्रशावर.

३ फेब्रु.

दत्तूला फोन. म्हणलं एकदा जा, सही कर, नकला काढ.

"आणि तू त्या कागदावर माझं नाव घेऊन तिथल्या डॉक्टरला काय सांगणार? की ह्यो दत्तात्रय मीच?"

म्हणलं खरं सांगीन.

"सांग की. मग माझी नोकरी गेली, तुझ्या आईचे पैसे बंद, वर दोघांवर केस. सांग."

म्हणलं माझ्या बोटांवर खुर्ची मिळाली तुला.

मग बोलला ते जसंच्या तसं लिहितो. "संत्या, दोन वर्सं झाली मी कँटिनात डाव्या हातानं जेवतो. चैत-वैशाखात हातमोजा घालतो. नवा साहेब आला की मला खोकला येतो. कंपनीतल्या पोराच्या लग्नात मांडवाचा खांब उचलायला मी पुढं झालो तर सुपरवायझरनं डोळं वटारलं. तुझी बोटं गेली तर तू मोकळा बोंबलतो तरी. मी कुणापुढं बोंबलू?"

पाठीमागनं तात्यांचा आवाज, "दोघं बी गप बसा, येड्याहो. माझ्या कमरंपायी झालंय सगळं, मलाच शिव्या घाला एकदाच्या."

फोन कुणी ठेवला कळलं न्हाय. मीच ठेवला असंल.

९ फेब्रु.

डॉक्टर परत आला. कागद न्हाय म्हणलं. मग त्यानं फॉर्म काढला, लिहिलं बी, पेन माझ्याकडं दिलं. सही कर म्हणला, वाईट काय त्यात, पुष्कळ लोकांना जन्मापासून असतं. रूमवरलं पोरगं बी म्हणलं, करून टाक, पगार तरी सुरू राहील.

पेन धरलं. अंगठ्यात आणि पयल्या बोटात धरतो मी, लिहायला अडत न्हाय. पण केली न्हाय. म्हणलं महिनाअखेर हाय ना अजून. डॉक्टरनं फॉर्म ठेवून घेतला.

१० फेब्रु.

आईला फोनवर सांगून बसलो. सांगायला नको व्हतं. हसत हसतच सांगितलं, की हितला डॉक्टर म्हणतो पोरगं जन्मतःच आठ बोटांचं.

ती हसली न्हाय. "काय म्हणतो त्यो? मी मोजली व्हती. सुईण म्हणली पोरगा हाय, मी म्हणलं आधी बोटं मोजू दे. हाताची धा, पायाची धा. त्याला म्हणावं माझ्याकडं ये, सांगते." मग म्हणली, "तू सही केलीस?"

न्हाय म्हणलं.

"करू नगं. ब्रश घास, पण करू नगं."

खरं सांगितलं तर भरपाई बंद पडंल आई, म्हणलं. ती म्हणली, "पडू दे. मी इचारलं का?"

१३ फेब्रु.

वाऱ्यानं काचांवर एवढी माती की कालचं सगळं परत. फोन न्हाय कुणाचा.

१५ फेब्रु.

वैनीचा मेसेज. आई दत्तूच्या घरी जाऊन आली. भांडली न्हाय. नुसती बसली, च्या घेतला आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट मोजलं. मग उठून गेली.

वैनी लिहिती, "भाऊजी, आमचे हे दोन दिस कामाव गेले न्हाईत."

१८ फेब्रु.

दत्तूचा फोन. आपणहून. काचा धुवायच्या सोडून टँकरमागं जाऊन बसलो.

ऑफिसात गेला व्हता. हातमोजा घालून. बाईंनी फाईल काढली. पयल्याच पानाला फोटो, माझा, दाढीवाला. बाईंनी फोटो बघितला, ह्याला बघितलं. दत्तू म्हणतो, "माझं पाणी पाणी झालं रं. तर बाई म्हणली, दाढी काढली का? बरं केलंत." आमच्या घरातली नाकं सारखीच, ती उपयोगाला आली. मग म्हणल्या सही जमंल का. ह्यानं केली. "छान येते की आता सही!"

मी हसलो. त्यो बी हसला. बऱ्याच दिसांनी.

मग त्याचा आवाज बदलला. फाईल बघायला टेबलाशी बसवलं म्हणं. त्यात एक्स-रेचा फोटो. दत्तूनं माझा हात तसा कधी बघितलाच न्हवता. त्या दिवशी त्यो बाऱ्यावर, दवाखान्यात आला तवा पट्टी झालेली.

"दोन बोटं अशी मधनंच संपल्यात," म्हणला. "खाली माझं नाव. मी लई येळ बसलो तितं. बाई म्हणल्या, पाणी देऊ का."

शेरा हाय का, म्हणलं.

"हाय. हात कामास चालतो, असं लिहिलंय बोर्डानं. वजन उचलू नये, एवढंच."

म्हंजे ट्रॅक्टर. पण दत्तात्रयला.

२० फेब्रु.

सगळी रात घोळलं डोक्यात. नकला आल्या की त्या डॉक्टरपुढं ठेवायच्या, म्हंजे नावाचं सांगावं लागणार. सांगितलं की दत्तूची खुर्ची गेली. न्हाय सांगितलं की फॉर्म तयारच हाय, फक्त सही. दत्तूला इचारलं, नकला काढायच्या का नको? मला वाटलं नको म्हणंल.

"काढू. आल्यावर तुला काय करायचं ते कर. मी आज हातमोजा घरी ठेवून गेटावर बसलोय."

कोण काय बोललं का, म्हणलं.

"नवा साहेब गाडीतनं गेला. बघितलं का न्हाय कळलं न्हाय. सुपरवायझर बघून गेला, बोलला न्हाय."

आणि जेवलास कसा?

"उजव्यानं," म्हणला.

२१ फेब्रु.

बाईंचा दत्तूला फोन. चौतीस पानं हायत, पानाला दोन रुपये, भरा आणि घेऊन जावा. म्हणलं दादा, भर की तूच, एवढ्याश्या पैशाला काय.

"न्हाय. मी भरलं तर पावती बी माझ्या नावावर हुईल. सगळंच माझ्या नावावर झालंय तुझं. पैसे तू पाठव, मी ऑफिसात म्हणीन संतोषनं दिलेत, तसं लिवा."

लिहितील का, म्हणलं.

"इचारून बघू."

अडुसष्ट रुपये. आत्ता पाठवतोय.