फॉर्मवर नंबर माझाच

८ जानेवारी
बिदरचं ट्रेनिंग संपलं. विषय: इंग्रजीच्या तासाला डिजिटल साक्षरता. जेवण बरं होतं. सर्टिफिकेटवर नाव बरोबर छापलंय. आजपासून ही रोजनिशी. कुणाला दाखवायची न्हाई, त्यामुळं खरं तेच लिहायचं.
संकल्प: वर्षभरात माझ्या वर्गातलं एकेक पोर इंग्रजीत ईमेल लिहील, पासवर्ड सांभाळील, खोटा मेसेज वासावरनं ओळखील. मुडबीच्या पुढं फाट्यावरची मराठी शाळा म्हणून बिदरवाले नाक मुरडतेत. आता बघाच म्हणावं.

९ जानेवारी
स्मार्ट बोर्ड उघडायची परवानगी मागितली. दसऱ्यातल्या आयुधपूजेला हळदीकुंकू लावून चादर घातली, तेव्हापासून तसाच हाय. हेडमास्तर रेवणसिद्धप्पा सर म्हणाले, बिघडला तर वर उत्तर कोण देणार. कपाळ माझं.
अडून बसणारा माणूस मी न्हाई. फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढला. मधली ओळ आठवेना, फोनमध्ये बघून काढली. पोरांनी बघितलं नसावं.

२१ जानेवारी
आठवीच्या पोरांनी साबणाच्या खोक्यांचे फोन करून आणले. खोक्यावर बोट दाबून ‘सेंड’ म्हणायचं. वर्ग घुमायला लागला. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंनी येऊन विचारलं, काय भजन चालू हाय का. दुर्लक्ष केलं. नव्या कामाला पहिल्यांदा हसतेतच.
भिंतीला मोठा तक्ता लावला: थांबा, विचार करा, तपासा. ट्रेनिंगमध्ये असाच होता. आपला जास्त रंगीत झाला.

३ फेब्रुवारी
निवासी शाळेचे फॉर्म भरायचे दिवस. आठवीतनं परीक्षा द्यायची, निवड झाली की नववीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. दरवर्षीप्रमाणं मी माझ्या फोनवर भरतो. मोबाईल नंबरच्या रकान्यात माझाच नंबर. आईबापाचं सिम आज एक, उद्या दुसरं. माझा नंबर शिक्षक झाल्यापासून तोच हाय.
आठवीतल्या दानेश्वरीचा बाप, तिचा अप्पा, गुरुशांतप्पा आला होता. सोलापूर-हैदराबाद ट्रक चालवतो. म्हणाला, सर, माझा नंबर टाका की, आता मी बदलत न्हाई. मी म्हणालो, तुम्ही घाटात असताना रेंज गेली तर? माझ्यावर सोडा. हात जोडून गेला.
पोरगी हुशार हाय. आई दोन वर्षांमागं वारली. अप्पा गाडीवर गेला की घरात एकटी. आता मोठी व्हायलीय, एकटीला ठेवायचं कसं, हा त्याचा घोर. निवासी शाळेत लागली तर लागली, न्हाई तर गाणगापूरला आत्याकडं. आत्याचा यात्रेकरूंसाठी लॉज हाय. तिथं गेली की शाळा संपली, हे तोही जाणतो, पोरगीही जाणते.
लागंल. मी हाय ना.

२२ मार्च
परीक्षा झाली. दानेश्वरी म्हणते पेपर सोपा गेला. मी तिला म्हणालो, इंग्रजीचं श्रेय कुणाचं ते विसरू नको. हसली.
‘तपासा’चा तास घ्यायचा राहिला. वर्ष संपलं. जूनमध्ये पहिलं काम तेच.

४ जून
शाळा सुरू. दानेश्वरी सध्या आमच्याच नववीत बसायलीय. रोज मधल्या सुट्टीत दारात येऊन उभी राहते. काही विचारत न्हाई, नुसती माझ्या खिशाकडं बघते. मी सांगितलं, निकालाचा मेसेज येईल, तू अभ्यास कर. वेबसाइट उघडून बघायची होती, पण फाट्यावर नेट गोल गोल फिरतं. घरी गेल्यावर बघू.

१२ जून
घरी गेल्यावर बघायचं राहिलं. उद्या नक्की.

१९ जून
मोठी बातमी. तालुक्याच्या शिक्षण खात्यातले महेशकुमार साहेब माझा तास बघायला येणार. ‘खोटा मेसेज कसा ओळखावा’ या विषयावर नमुना पाठ. आवडला तर जिल्ह्यात दाखवतील. रेवणसिद्धप्पा सरांनी स्वतः बोर्डावरची चादर काढली. बोर्ड चालू होत न्हाई. सर म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो?
विजयश्रीला सांगितलं. बायको असून काडीचं कौतुक न्हाई. म्हणाली, अगोदर स्वतःचा पासवर्ड फोनच्या कव्हरमागं चिटकवलाय तो काढा.

२७ जून
पाठासाठी खराखुरा खोटा मेसेज पाहिजे. एरवी लॉटरी, लोन, काय काय येतं. गरज पडली तर एक येईना. विजयश्रीचा फोन बघितला, तिच्या माहेरच्यांचे गुड मॉर्निंग सोडून काही न्हाई.

१ जुलै, सकाळी
देव हाय! आज पाठ आणि आजच मेसेज आला. अनोळखी नंबर. कन्नडमध्ये. तुमच्या अर्जाची निवड झालीय, मूळ कागदपत्रं घेऊन तीन दिवसांत हजर राहा, न्हाई तर संधी जाईल, खाली निळी लिंक. नाव कुणाचं न्हाई, नुसता लांबलचक अर्ज नंबर. घाई करायची, भीती दाखवायची, लिंक द्यायची. ट्रेनिंगमध्ये सांगितलेली सगळी लक्षणं एका मेसेजात. सोन्यासारखा नमुना.

१ जुलै, संध्याकाळी
पाठ रंगला. मेसेज फळ्यावर उतरवला. पोरांनी एकेक लक्षण सांगितलं, मी खाली रेघ मारत गेलो. महेशकुमार साहेब माना डोलवत होते.
मध्येच दानेश्वरी उभी राहिली. म्हणाली, “सर, निवासी शाळेचा असला तर?”
असा प्रश्न कुणीतरी विचारावा असं मला वाटतच होतं. मी म्हणालो, शाब्बास, आणि इथंच माणूस फसतो. आपल्याला जे पाहिजे तेच चोर दाखवतो. सरकारी मेसेजात नाव नसंल का? ती खाली बघत म्हणाली, एकदा नंबर ताडून बघू या का सर, माझ्या अर्जाचा कागद घरी हाय. साहेब घड्याळ बघायले होते. मी म्हणालो, मनाला आवर घालणं हीच साक्षरता. तिलाच पुढं बोलावलं. माझा फोन तिच्या हातात दिला. सगळ्या वर्गासमोर डिलीट कर, नंबर ब्लॉक कर, म्हणालो.
माझ्याकडं बघितली आणि दाबली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, असा कृतियुक्त पाठ बघितला न्हाई.
बासुंदी आणली. विजयश्रीनं विचारलं, कशाबद्दल. सांगितलं. ती म्हणाली, पोरीचा कागद बघायला काय जात होतं. बायकांना अध्यापनशास्त्र कळत न्हाई.

३ जुलै
दुसऱ्या अनोळखी नंबरवरनं दोनदा फोन. टोळी मोठी दिसते. उचलला न्हाई. विजयश्री म्हणाली, उचला की, कुणी पाहुणाबी असंल. हाही ब्लॉक केला. बोलण्यापेक्षा आचरण महत्त्वाचं.

४ जुलै
दानेश्वरी अर्जाचा कागद वहीत घालून आणली होती. म्हणाली, सर, तो नंबर आठवतोय का, शेवटी सात होता का. फळा पुसला होता. मला कसा आठवणार? तिला म्हणालो, असं मनात घेऊन बसलीस तर आजारी पडशील.
वेबसाइट बघायची ठरवली. नेट न्हाई.

९ जुलै
रेवणसिद्धप्पा सरांनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. निवासी शाळेच्या क्लार्कचा त्यांना फोन आला होता. तुमच्या शाळेच्या दानेश्वरीची निवड झाली होती, मेसेज पाठवला, दोनदा फोन केला, कुणी उचलला न्हाई, हजर झाली न्हाई, म्हणून जागा यादीतल्या पुढच्या पोरीला गेली.
सर एवढंच म्हणाले, “विलास सर, आता काय करायचं?”
मेसेजात नाव घालायला काय धाड भरली होती त्यांना? माणसानं ओळखावं कसं? मी तर नियमानं वागलो. ट्रेनिंगचं पुस्तक काढून दाखवायला तयार हाय.
जेवलो न्हाई. ॲसिडिटी.

१० जुलै
निवासी शाळेत जाऊन आलो. मोटारसायकलवर, सगळ्या रस्त्याला खड्डे. तिथल्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, यादीतली पुढची मुलगी आता इथं राहायला आलीय, तिला उठवून घरी पाठवू का? खिडकीतनं एक पोरगी ट्रंकेला कुलूप लावताना दिसली. मी म्हणालो, न्हाई न्हाई.
पुढच्या वर्षी? दहावीला घेत न्हाईत.
परत येताना चहा घेतला. जरा बरं वाटलं. प्रयत्न केला म्हणायला हरकत न्हाई.

११ जुलै
दानेश्वरीला सांगायचं ठरवलं. मनात तीन मुद्दे तयार केले. पहिला, व्यवस्थेतला दोष. दुसऱ्याला जायच्या अगोदरच ती म्हणाली, कळलंय सर. हेडमास्तर सरांनी सांगितलं. बाकावरची पेन, वही उचलली. रडली न्हाई. रडली असती तर समजूत घालता आली असती.
नववीचा वर्ग हल्ली माझ्याकडं वर बघत न्हाई. वयच तसं असतं.

१५ जुलै
आज जे झालं ते लिहू का नको.
गुरुशांतप्पा टीसी न्यायला आला. गाडी फाट्यावर उभी करून. मी ऑफिसात होतो, पळायला जागा नव्हती. मनात म्हणालो, बोलू दे. चार शिव्या द्यायचा त्याला हक्क हाय, ऐकून घेऊ. ठरवूनच बसलो होतो, खरंच.
तो आला आणि केळ्यांची फणी टेबलावर ठेवला. खाली बघत म्हणाला, “सर, पोरगी चुकली. तुमचा फोन बघायला घेतली अन् मेसेज पुसून टाकली म्हणायलीय. तुम्ही एवढं केलात तिच्यासाठी. लहान हाय, राग धरू नका.”
रेवणसिद्धप्पा सर माझ्याकडं बघायले. मी केळ्यांकडं.
सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते: असू द्या, असू द्या, पोरंच हायत.
“असू द्या” म्हणालो मी! त्यानं हात जोडले. जाताना म्हणाला, घरी जरा जास्तच बोललो तिला.
केळी घरी आणली. विजयश्रीनं विचारलं कुणी दिली. पालकांनी, म्हणालो. मला एकही खाववली न्हाई.

२ ऑगस्ट
महेशकुमार साहेबांचा फोन. नमुना पाठाचा व्हिडिओ जिल्ह्यात दाखवायचाय, परत एकदा घेता का, ती डिलीट करणारी पोरगी फार छान होती, म्हणाले. मी सांगितलं, पोरगी शाळा सोडून गेली. ते म्हणाले, मग दुसरी कुणीतरी घ्या.
घेतो म्हणालो.

७ ऑगस्ट
नववीत विचारलं, पाठासाठी कोण येईल पुढं. एक हात वर न्हाई. श्रीदेवी नावाची पोरगी एरवी सगळ्यात पुढं असती. तिनंही खिडकीकडं तोंड केलं. वर्गाला दम दिला. मग तास न घेताच बाहेर आलो.
साहेबांना कळवलं, तब्येत बरी न्हाई. खोटं न्हाई ते.

२१ ऑगस्ट
गाणगापूरला जायचं ठरवलं. दर्शनही होईल. दानेश्वरीला सांगायचं, मी स्वतः तुझ्या अप्पाला खरं काय ते सांगतो. आत्या चंद्रम्मालाही सांगायचं, पोरीला दहावीला बाहेरनं तरी बसवा, पुस्तकं मी देतो. हे मात्र पक्कं. यात बदल न्हाई.

२३ ऑगस्ट
गाणगापूर. गर्दी. लॉज सापडला. पुण्याकडची मंडळी उतरली होती, सगळ्यांना एकदम गरम पाणी पाहिजे. अगं ए, अगं ए, म्हणून हाका. दोन हातात दोन बादल्या घेऊन दानेश्वरी जिना चढायली होती. मला बघून बादल्या खाली ठेवली आणि वर्गात उठून उभी राहायची तशी सरळ उभी राहिली.
चंद्रम्मा अक्कांनी चहा दिला. दहावीचं काढलं तर म्हणाल्या, पोरगी कामाला चांगली हाय, आता कशाला. मी आणलेली पुस्तकांची पिशवी खुर्चीखाली सरकवली.
पोरगी कप न्यायला आली तेव्हा विचारलं, अप्पाला खोटं कामून सांगितलीस. इकडं तिकडं बघून हळूच बोलली.
“खरं सांगितले असते तर अप्पा शाळेत येऊन तुम्हाला नको तसं बोलले असते. मग तुम्ही फॉर्म भरायचं सोडून दिलं असतं, सर. गावात दुसरं कोण भरतंय?”
मग म्हणाली, “श्रीदेवीचा स्कॉलरशिपचा फॉर्म राहिलाय. भरा. फक्त नंबर तिच्या घरचा टाका.”
व्हय, म्हणालो. वरनं कुणीतरी परत हाक मारली. ती बादल्या उचलून गेली. दर्शनाला गेलो न्हाई.
बस कलबुर्गीला थांबली तेव्हा गुरुशांतप्पाला फोन लावला. लगेच उचलला. बोला सर, म्हणाला. मागं हॉर्न वाजत होते. मी विचारलं, गाडी कुठंय. हुमनाबादजवळ, म्हणाला. जेवण झालं का, विचारलं. झालं सर, म्हणाला, तुमचं? माझंही झालं म्हणालो आणि ठेवला.