चिनी मातीच्या गोळीतली लहर आणि माझं मोडलेलं स्थळ

तीर्थस्वरूप मामा,

कळसाडीहून रुपाचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे आता कसे आहेत? म्हसावदला कापूस वेचून झाला का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. तुम्हीही त्या दिवसापासून माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्ही आणलेलं स्थळ का मोडलं, हे माझ्याकडूनही ऐकाच.

मामा, मी संगणकावर एक अँटेना बनवते आहे. त्यात धातूची काडी नसते, चिनी मातीसारख्या पदार्थाची एक चपटी गोळी असते. (आई तिला ‘रुपानी गोटी’ म्हणते.) खालून तार लावली की आत लहर झुलू लागते. झुलायच्या तऱ्हा अनेक, प्रत्येक तऱ्हेला मोड म्हणतात. मला हवा होता लहर वर आभाळाकडे फेकणारा मोड, आणि दर वेळी सापडत होता चहूबाजूंना आडवा पसरणारा. महिनाभर मी गोळीची उंची बदलत होते, जेवणाची चव गेली होती. त्यातच पाहुणे आले तेव्हा संगणक सकाळपासून हिशेब करत होता, अगदी संपत आला होता, (त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, सगळा जीव वायरीत) आणि मी चहा घेऊन बाहेर येते तर पडदा काळा, आणि भिंतीत वायरीच्या जागी कुणाचा तरी चार्जर!

“कोणी काढं हाई?” मी ओरडले.

“मीच काढं,” मुलाचे वडील पितांबर आप्पा शांतपणे म्हणाले. “मन्हा मोबाइल बंद पडी ऱ्हायंता.”

यावर मी जे बोलले ते आईने तुम्हाला सांगितलंच असेल, तेवढं खरं आहे. मग मुलाने, म्हणजे हेमराजने, विचारलं, “पन त्यामा व्हतं काय?” मी ताटलीतला पेढा उचलला, ही गोळी म्हटलं, सुपारीच्या डबीतली लवंग घेतली, ही तार म्हटलं आणि पेढ्याच्या बरोबर मधोमध खुपसली. आणि मामा, माझा हात तिथेच थांबला! मधोमध तार लावली तर लहर सगळीकडे सारखीच पसरणार, ती वर जाईल कशाला? तार कडेला हवी! मी पेढा हेमराजच्या हातात कोंबला आणि पाहुण्यांना तसंच सोडून संगणकापुढे बसले. ते उन्हं उतरेपर्यंत थांबले (बस नव्हती). शेवटी पडद्यावर लाल फुगा सरळ वर उठला आणि मी अशी किंचाळले की शेजारचा भिकन काठी घेऊन धावत आला, “साप कोठे शे?”

पितांबर आप्पा आईला म्हणाले, “पोरले डोकाना डॉक्टरले दाखाडा,” आणि निघाले. हेमराज मात्र पडद्याजवळ आला. “हाई लाल काय शे?” “जोर. लहर आते वर जाई ऱ्हायनी!” तो बराच वेळ बघत उभा राहिला. पेढा तोवर त्याने खाल्ला होता, लवंगेसकट.

तर मोड सापडला. लग्नाचं मला काही नाही, त्यावर तुम्ही जीव जाळू नका.

आपली लाडकी भाची,
रुपा

ता. क. नकार आप्पांचा आहे, हेमराजचा नाही. हे मला कसं कळलं ते विचारू नका. या रविवारी त्यांच्याकडे चहाला जाऊन या ना.

ता. क. पुन्हा: लग्नाची तारीख मे महिन्यातली धरू नका. तेव्हा अँटेना तपासायला पुण्याला न्यायचा आहे, आणि हेमराजने सोबत यायला रजा टाकली आहे.