तळघरात कोंडलेला सभ्य माणूस

डुलुथ, नोव्हेंबर

सौ. व्हर्नाताई यांस,

आर्विडचा नमस्कार. थंडीत तुमची कंबर काय म्हणते? साडूभाऊंचा खोकला? मी बरा आहे, म्हणजे जिवंत आहे. मंगळवारी तेवढीही खात्री नव्हती.

तुमची बहीण मार्लिस लेकीच्या बाळंतपणाला फार्गोला गेली आणि जाताना तिची ती कादंबरी उशाशी विसरली. (तिला ती तुम्हीच दिलीत, तेव्हा पुढच्या प्रकारात तुमचाही वाटा आहे.) तीत आमच्या डुलुथसारखंच सरोवराकाठचं शहर, एका इमारतीतलं कुणीतरी पौर्णिमेला लांडगा होतं, सकाळी मुडदा सापडतो. तपास करणारी बाई म्हणते, सगळ्यात सभ्य माणसावर नजर ठेवा. झालं! आमच्या वरच्या मजल्यावर नुकताच रूबेन म्हणून एक दाढीवाला तरुण राहायला आलाय, बंदरात कामाला. इतका सभ्य माणूस मी जन्मात पाहिला नाही. न सांगता माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतो. (माझ्या अंगावर काटा.) शिकार केलेल्या हरणाचं मांस आणून देतो, पिशवीतून रक्त ठिबकत असतं, आणि हसून विचारतो, "काका, सध्या एकटेच का? काकू कधी येणार?" मी म्हटलं, आजच, चार भावांना घेऊन. (तुम्हां बहिणींना भाऊ नाही हे त्याला कुठे ठाऊक?)

मंगळवारी भर दुपारी कपडे धुवायला तळघरात उतरलो, तर आतून गुरगुर. डोकावलो. रूबेन अंधारात ओणवा, हात कोपरापर्यंत काळे! मी दार ओढलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.

आतून आवाज आला, "काका, चुकून कडी लागली वाटतं."

मी कडी आणखी घट्ट दाबली.

"घाई नाही हं. तुमचं काम उरकून या."

ही सभ्यता ऐकून मी कपड्यांची टोपलीही दाराला टेकवली. शेवटी आरडाओरडा ऐकून (तो माझाच होता म्हणे) घरमालकीण ओडेगार्डबाई आल्या. "अहो, बॉयलर दुरुस्त करतोय तो! तुमच्या खोल्या गार पडतात म्हणून!" असं म्हणत त्यांनी मला बाजूला ढकललं आणि कडी काढली. काजळीनं माखलेला रूबेन बाहेर आला आणि मलाच म्हणाला, "घाबरलात का? बसा, पाणी आणतो." ताई, मी पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. शरमेनं की सुटलो म्हणून, कोण जाणे. तो काही न विचारता शेजारी बसून राहिला.

आता आमची दोस्ती आहे. भीती साफ गेली. मार्लिसला यातलं अक्षर कळवू नका.

तुमचा,
आर्विड

ता.क. काल धीर करून कादंबरी संपवली. लांडगा तो सभ्य भाडेकरू नव्हताच. घरमालकीण निघाली.

आणखी ता.क. ओडेगार्डबाई सत्तरीच्या. मला एका हातानं ढकललं त्यांनी. शुक्रवारी पौर्णिमा आहे. मार्लिस येईपर्यंत तुमच्याकडे येऊ का? रूबेनलाही आणतो. मी त्याला शेवट सांगितला, तर आज त्यानं घरभाडं बाईंच्या दाराखालून सरकवलं.