अंगठ्याला बांधलेली नाडी

ता. ९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय टिल्लोबा,

पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, शाळेतली पोरं चित्रकलेचे सर म्हणून तुला टरकतात, तरी माझ्यासाठी तू टिल्लूच. खूप मोठा हो असं आता काय म्हणायचं? जेवणाच्या वेळा सांभाळ, इन्सुलिन विसरू नकोस, एवढाच माझा आशीर्वाद.

ताईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस ना, म्हणून.

इकडे सगळं ठीक. दुकानात कामाचा ढीग पडलाय. नवे कपडे हल्ली कोण शिवून घेतं? पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा, हेच चालू. कंबर घट्ट करायला आलेलं गिऱ्हाईक गेल्या वर्षभरात मी पाहिलेलं नाही. तुझी बायको माहेरी तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेली त्याला महिना झाला की रे. कधी येतेय? एकटा काय खातोस, देव जाणे.

काल एका पायजम्यात नाडी ओवत होते. पांढरी, सुती, चपटी. ओवता ओवता हात थांबला आणि मी थेट आपल्या माळ्यावरच्या खोलीत जाऊन पोचले. आठवतं का रे तुला? तू नऊ वर्षांचा, मी चौदाची. बाबा जाऊन वर्ष झालेलं, आणि आईची दवाखान्यात आठवड्यातून चार दिवस रात्रपाळी. डॉक्टरांनी सांगितलेलं, झोपेत साखर उतरली तर पोराला स्वतःहून जाग येणार नाही, शेजारी कुणीतरी सावध हवं. सावध आणि मी! घरात ढोल वाजवले असते तरी माझी झोप मोडली नसती. मग आईनेच युक्ती काढली. नाडीचं एक टोक तुझ्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं माझ्या मनगटाला. साखर उतरली की तू पाय झाडायचास, मला हिसका बसायचा. मग मी तुझ्या मानेला हात लावून घाम बघायची आणि खिडकीतला ग्लुकोजचा डबा काढायची.

आणि तुझी बडबड! मला तू शाळेतली बाई समजायचास. "बाई, बघा ना, हा माझा लाल खडू देत नाही." मी एका हाताने तुला चमच्याने पाजत असायची आणि हसू दाबता दाबता मरायची. पुढे लबाडा, तू त्या नाडीची भाषाच केलीस. एक हिसका म्हणजे पाणी, दोन म्हणजे भीती वाटतेय, आणि तीन म्हणजे काही नाही, उगीच ताईला छळायचंय. तीनच जास्त असायचे. शिव्या घालायची मी तुला, पण खरं सांगू? तेव्हा सारखी झोपमोड होऊनही जेवढं बरं वाटायचं, तेवढं पुढे आयुष्यात क्वचितच वाटलं. घरात आपण तिघंच, आणि एका माणसाचा जीव माझ्या मनगटाला बांधलेला.

तुझं लग्न झालं आणि ते काम तुझ्या बायकोकडे गेलं. मग तुझ्या दंडावर ती चकती आली. चामडीला चिकटून बसते, साखर मोजते, उतरली की तुझ्या फोनवर आणि सोबत दुसऱ्याच्याही फोनवर बोंब मारते. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. पण महिन्यापूर्वी बायकोच्या फोनला तिकडे धड रेंज नाही म्हणून तू म्हणालास, "ताई, तुझा नंबर लावू का?" तेव्हा मी एवढी हरखले की दुकानात येईल त्याला सांगत सुटले. परत आपली नेमणूक झाली म्हणून!

गिऱ्हाईक आलं. उरलेलं नंतर.

गुरुवार

दोन दिवस हे पत्र मशीनच्या खणात पडून होतं. वर लिहिलेलं आत्ता वाचलं. सगळं खरं आहे, फक्त तुला जे सांगायचं म्हणून लिहायला बसले, तेच त्यात नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे तुझी साखर उतरली, तुझा फोन बोंबलत होता, तू अर्धवट शुद्धीत. शेजारच्या प्लंबरने भिंतीपलीकडून तो आवाज ऐकला, तुम्ही त्याच्याकडे ठेवलेली किल्ली लावून आत आला आणि तुला बसवून ग्लुकोज पाजलं. भला माणूस. सकाळी तू मला विचारलंस, "ताई, तुझा नाही का वाजला?" मी म्हणाले, बॅटरी उतरली होती.

बॅटरी भरलेली होती रे. फोन उशीशी होता आणि तो वाजला होता. सकाळी बघितलं तर त्यावर सात वेळा लाल अक्षरं आलेली. मला ऐकू आलं नाही.

वर्षभर झालं, मला नीट ऐकू येत नाही. डावा कान जवळजवळ गेलाच, उजवा थोडा बरा, आणि त्या दिवशी मी नेमकी उजव्या कुशीवर झोपले होते. फोनवर तुझं अर्धं बोलणं मला कळत नाही, म्हणून मी दोन मिनिटांत "गिऱ्हाईक आलं" म्हणून ठेवते. बोलू देत नाही ती मीच, तू नाहीस. दुकानासमोरचा किल्लीवाला एकदा रस्ता ओलांडून आला, म्हणाला, "मावशी, तुमचा फोन मला तिथवर ऐकू येतो, तुम्हाला कसा नाही येत?" मी त्याच्यावरच डाफरले. आणि त्यानंतर तू नंबर मागितलास तेव्हा हे सगळं माहीत असून हो म्हणाले. तुझ्या जिवापेक्षा माझा मान मोठा झाला, टिल्लू. लाज वाटते लिहायला.

आता लिहितेच आहे तर दुसरंही. तू दहा वर्षांचा असताना तुला फिट आली, जीभ चावली गेली, तीन दिवस दवाखान्यात होतास. आपली गाठ सुटली होती, हा किस्सा तू अजून पाहुण्यांना रंगवून सांगतोस. गाठ सुटली नव्हती. मी सोडली होती. माझ्या वर्गाची दोन दिवसांची सहल होती आणि आई म्हणाली, तू गेलीस तर याच्याजवळ कोण? सगळ्या मैत्रिणी गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, तू तीन हिसके दिलेस, नेहमीसारखे, चेष्टेचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, एक रात्र तरी माझी मला झोपू दे. नाडी मनगटावरून काढली आणि जमिनीवर टाकली. सकाळी आई पाळीवरून आली आणि तुला बघून ओरडलीच. मी म्हणाले, गाठ सुटली. आई म्हणाली, माझंच चुकलं, नाडी जुनी होती. दुसऱ्या दिवशी तिने नवी आणली आणि मरेपर्यंत तेच बोलत राहिली. मी तिला एकदाही थांबवलं नाही.

दोनदा तू माझ्या भरवशावर झोपलास आणि दोन्ही वेळा मी तुला खोटं सांगितलं.

उद्या कानाच्या डॉक्टरकडे जातेय. तोवर काय आणि नंतर काय, माझा नंबर त्यातून काढ. पत्र हातात पडेल त्याच दिवशी. त्या प्लंबरचा लाव, तुझी बायको परत आली की तिचा. तिलाही मी सगळं लिहिलंय, आणि ते पत्र आधी पेटीत टाकून आले, म्हणजे हे फाडायची मला सोय राहू नये.

रागावलास तर रागाव. महिनाभर बोलू नकोस, हक्क आहे तुझा. पण जे काय म्हणायचं असेल ते कागदावर लिहून पाठव, फोन करू नकोस. तू फोनवर "जाऊ दे, ताई" म्हणालास आणि मला तेवढंच ऐकू आलं नाही, तर मी काय करू?

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझी
ताई